मैफलीचा कान आणि पडद्यावरचे गाणे

मैफल संपल्यावर अथवा चित्रपट पाहून झाल्यावर रसिक एकमेकांशी जे बोलतात, त्यास समीक्षा म्हणण्याचा प्रघात आपल्या वाङ्मयव्यवहारात नाही. ते केवळ ‘मत’ समजले जाते आणि छापील समीक्षेच्या पंक्तीत त्याच्यासाठी पाट मांडला जात नाही. तथापि नियतकालिकांपासून आणि मोठ्या सभागृहांपासून दूर राहिलेल्या आपल्या भागात गाण्याविषयीचा विचार मुख्यत्वे अशा बोलण्यातूनच टिकून राहिला. खातेगांवाहून इंदूर शंभरावर किलोमीटर आहे आणि देवासही जवळ नाही. ऐकण्याजोगे गाणे ऐकायचे तर जाणे आणि रात्री उशिरा परतणे हे ठरलेलेच. परतीच्या वाटेवर चापडा आणि कन्नोद मागे पडेपर्यंत गाडीत जी चर्चा चालते, तीच आपली समीक्षापत्रिका. तीत कोणी संपादक नसतो आणि कोणाचे मत परतही पाठवले जात नाही.

गेल्या काही वर्षांत या चर्चेचा पोत बदललेला आम्हांस जाणवतो. मैफलीइतकेच, किंबहुना अधिक, बोलणे आता मैफलीवर बेतलेल्या चित्रपटांविषयी होते. ‘बालगंधर्व’ २०११ साली आला, ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ साली, ‘द डिसायपल’ २०२० साली, ‘मी वसंतराव’ २०२२ साली आणि ‘संगीत मानापमान’ २०२५ साली. इतक्या थोड्या काळात गाणाऱ्यांविषयीचे इतके मराठी चित्रपट यावेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. ज्या गावी मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर क्वचितच येतो, तेथेही ते दूरचित्रवाणीच्या आणि मोबाईलच्या वाटेने पोचले. मात्र हे चित्रपट गाण्याविषयी काय सांगतात, याहून ते ऐकणाऱ्यास काय करावयास शिकवतात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. ‘तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या ऐकवली जाते. गंमत अशी की, हिंदी चित्रपटाने ज्या गाण्याने शास्त्रीय संगीत घरोघर नेले, त्यात तानसेनच हरतो. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटात अकबराच्या दरबारी तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी होते. तानसेनासाठी अमीर खाँ गायले, बैजूसाठी द. वि. पलुसकर. दोघेही आपल्या काळचे मोठे गवई, राग देसी. कथेची गरज म्हणून बैजूच्या गाण्याने दगड पाझरतो आणि तानसेनास हार मानावी लागते. चारच वर्षांनी, १९५६ साली, ‘बसंत बहार’मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला. या वेळी भीमसेन जोशी हरले आणि नायकासाठी गाणारे मन्ना डे जिंकले. भीमसेनांसमोर आपण जिंकायचे, या कल्पनेनेच आपण किती धास्तावलो होतो, हे मन्ना डे यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. दोन्ही चित्रपटांत नायक भारतभूषण होते. नायकाने हरायचे नसते, एवढाच त्या निकालांमागचा न्याय.

आपल्या माळव्याच्या दृष्टीने यात एक वेगळी बोच आहे. अमीर खाँ इंदुरात वाढलेले. त्यांच्या नावाने ज्या गायकीची ओळख झाली, ती अतिविलंबित ख्यालाची. झूमऱ्याच्या संथ आवर्तनात सूर एकेक करून उलगडत जायचा, घाई कसलीच नाही. तीच त्यांची प्रतिष्ठा होती. त्यांचे मारवा आणि दरबारी यांचे ध्वनिमुद्रण आजही ज्या घरी आहे, तेथे ते ऐकताना कोणी घड्याळ पाहत नाही. चित्रपटात मात्र त्यांच्या वाट्याला काही मिनिटे आली आणि त्या मिनिटांच्या शेवटी हार आली. स्वतः अमीर खाँ यांनी ते आनंदाने केले. पुढे १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीतही ते गायले. तेव्हा चित्रपटासाठी गाणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही, हे उघड आहे. प्रश्न गायकाचा नाही, श्रोत्याचा आहे. ज्या श्रोत्याने अमीर खाँ प्रथम त्या जुगलबंदीत ऐकले, त्याच्या कानांनी एक गोष्ट नकळत स्वीकारली : गाणे म्हणजे दोघांतील सामना, आणि सामन्याला निकाल असतो.

मैफलीत असा निकाल नसतो. यमन कोणी जिंकत नाही. एकाने यमनात काय पाहिले, हे दुसऱ्याने पाहिलेल्याशेजारी ठेवता येते, एवढेच. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथाचे मोल याच दृष्टीने फार मोठे आहे. घराण्याघराण्यांतील फरक त्यांनी स्वर आणि लय यांच्या प्रमाणांतील फरक म्हणून मांडला. कोणाकडे स्वराचे पारडे जड, कोणाकडे लयीचे, हे पाहण्याची नजर त्या ग्रंथाने मराठी वाचकास दिली. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद असू शकतील, पण ऐकलेल्याचे वर्णन करता करताच मूल्यमापनापर्यंत जाण्याची त्यांची शिस्त वादातीत आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाकडे आणि त्याच्या चित्रपटाकडे या पार्श्वभूमीवर पाहता येईल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. कथा दोन गायकांच्या स्पर्धेचीच आहे, हे खरे. परंतु नाटकाने त्या स्पर्धेचा उपयोग श्रोत्याचा कान घडवण्यासाठी केला. एकच पद पंडितजींच्या ठेहरावाने आणि खाँसाहेबांच्या चपळ फिरतीने, अशा दोन गायकींत तेथे ऐकावयास मिळते. शब्द तेच, पण गाणे वेगळे. दोहोंपैकी कोणते चांगले, असे विचारण्याची बुद्धी श्रोत्यास होत नाही, कारण दोन्ही पुरती पटलेली असतात. सदाशिवाची भूकही तेथे मुख्यत्वे विद्येची आहे. शत्रूच्या घरचे गाणे आपल्यास हवेसे वाटते, हे त्याचे खरे संकट.

चित्रपटाने, आमच्या मते, या संकटाचे वजन कमी केले आणि सूडाचे वाढवले. सुबोध भावे यांचे दिग्दर्शन नेटके आहे. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांच्या जोडीस नवी गाणी दिली आणि त्यांतील काही खरोखर चांगली आहेत. राहुल देशपांडे आणि महेश काळे यांचे गाणे चित्रपटाचा प्राण आहे. महेश काळे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तथापि पडद्यावर दरबार जितका भव्य होत जातो, तितकी तालीम आक्रसत जाते. तान सुटली की दरबाऱ्यांचे चकित चेहरे दिसतात. कोणत्या जागी चकित व्हायचे, हे प्रेक्षकास आधीच सांगितले जाते. मैफलीत ही जागा ज्याची त्याने शोधायची असते. शेजाऱ्याची मान हलली म्हणून आपली हलवायची नसते.

आणखी एक गोष्ट माळव्यातील मराठी वाचकाने नोंदवण्याजोगी आहे. कट्यारीतील खाँसाहेब आपली विद्या पंडितजींच्या शिष्यास देण्यास तयार नाहीत, यावर कथेचा सारा ताण उभा आहे. पण आपल्या देवासात काय घडले? मराठी संस्थानिकांच्या आश्रयास राहिलेल्या रजबअली खाँ यांच्याकडून गणपतराव देवासकर आणि कृष्णराव मुजुमदार यांनी विद्या घेतली. कोल्हापूरकडचे निवृत्तीबुवा सरनाईकही त्यांच्याकडे शिकले. रजबअलींच्याच घरातील अमानत खाँ ‘देवासवाले’ यांनी मुंबईत लता मंगेशकरांना तालीम दिली. ईर्ष्या, अभिमान आणि चिजा लपवण्याची वृत्ती त्या काळी नव्हती असे नव्हे. परंतु उस्ताद आणि मराठी शिष्य यांचे नाते हा आपल्या भूमीतील नित्याचा व्यवहार होता, नाट्यमय अपवाद नव्हता. चित्रपट पाहून आपल्या घरची मुले जेव्हा ‘खाँसाहेब विरुद्ध पंडितजी’ अशी मांडणी करतात, तेव्हा त्यांना हा आपला इतिहास सांगणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही कानांवर घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते अवघडही नाही.

‘बालगंधर्व’ आणि ‘मी वसंतराव’ हे चित्रपट सामन्याचे नाहीत, चरित्राचे आहेत. तेथे रसिकांचे मत दुसऱ्याच वळणाने गेले. ‘अगदी तस्सेच!’ हा त्यावरील सर्वाधिक ऐकू येणारा अभिप्राय. रवी जाधव यांच्या चित्रपटात सुबोध भावे यांचे रूप आणि आनंद भाटे यांचा आवाज यांनी बालगंधर्वांचा जो भास उभा केला, तो विलक्षणच होता. भाटे यांच्या गायनाचाही राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. निपुण धर्माधिकारी यांच्या चित्रपटात राहुल देशपांडे यांनी स्वतःच्या आजोबांची भूमिका केली आणि गाणेही गायले. त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या चित्रपटाचे यश असे की, लष्करी हिशेबखात्यातील नोकरी सांभाळत गाणे जगवणारा माणूस त्यात दिसतो. नोकरीधंदा सांभाळून गाण्याशी नाते राखणाऱ्या आपल्या घरांना तो जवळचा वाटला, यात नवल नाही. परंतु ‘तस्सेच’ हे कौतुक वसंतरावांसारख्या गायकास कितपत मानवले असते? कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणे, हाच तर त्यांचा विशेष होता. त्यांच्या स्मृतीपुढे साम्याची कसोटी लावणे, ही विसंगती आपल्या चर्चेत फारशी कोणी बोलून दाखवली नाही.

येथे देवासचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. कार्यक्रमाचे नावच पुरेसे बोलके आहे. बालगंधर्व जसेच्या तसे उभे करण्याची प्रतिज्ञा त्यात नाही. मला ते कसे उमजले, ते मी गातो, असे त्यात सांगितले आहे. १९४८ साली क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत कुमारजी देवासला आले. पाच-सहा वर्षे त्यांना गाता आले नाही. त्या सक्तीच्या मौनात माळव्याच्या लोकधुनांकडे त्यांचे लक्ष गेले, आणि पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वास, आवाजाची फेक आणि स्वरवाक्यांची लांबी सारेच बदललेले होते. ते ऐकून रसिकांची सरळ फळी पडली. हा ख्यालच नव्हे असे म्हणणारे होते आणि ख्याल आता पुन्हा जन्मला असे म्हणणारेही होते. राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर, बाबा डिके यांच्यासारखी इंदूरची मित्रमंडळी त्यांच्याभोवती होती. तीत पत्रकार, चित्रकार आणि नाटकवाले होते. हे गाणे कसले आहे, असा प्रश्न पडणारे श्रोते ज्या गायकास लाभतात, तो भाग्यवान. ‘तस्सेच’ म्हणणारा श्रोता त्या काळी देवासभोवती बहुसंख्य असता, तर कुमारजींचे गाणे जन्माला येऊनही निराधार राहिले असते, असे आम्हांस निश्चित वाटते. २००८ साली शबनम विरमाणी यांनी कुमारजी आणि कबीर यांच्या शोधात जो माहितीपट केला, त्याचे नाव ‘कोई सुनता है’ असे आहे. ऐकणारा कोणीतरी आहे, हा विश्वासच त्या नावात आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा या मालिकेतील सर्वांत अप्रिय ठरलेला चित्रपट. आपल्या मंडळींपैकी अनेकांनी तो अर्ध्यावर सोडला. व्हेनिसच्या महोत्सवात त्यास पटकथेचा पुरस्कार मिळाला, हे सांगूनही उपयोग झाला नाही. त्यातील शरद नेरुळकर वर्षानुवर्षे रियाज करतो, गुरूची सेवा करतो, स्पर्धेत उतरतो आणि जिंकत नाही. तो मोठा गायक होत नाही, इतकी साधी आणि इतकी कठोर ती गोष्ट आहे. पडद्यावर शिष्य झालेले आदित्य मोडक आणि गुरू झालेले अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत. त्यामुळे तेथील गाणे ना अलौकिक केले आहे, ना मुद्दाम बिघडवले आहे. एका प्रसंगी दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक शरदच्या श्रद्धास्थानांविषयी अप्रिय गोष्टी बोलतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. रसिकाच्या मताचे काय होऊ शकते, याचे याहून खरे चित्र मराठी पडद्यावर आम्ही पाहिले नाही. शरद चांगला गातो की नाही, हे दिग्दर्शक आपल्यास सांगत नाही. दरबार नाही, चकित चेहरे नाहीत, दगड पाझरत नाही. ठरवायचे ते आपल्याच कानांनी. ‘चित्रपट कंटाळवाणा आहे’ असे म्हणणाऱ्यांचे मत आम्ही फेटाळत नाही. त्याची लय खरोखरच संथ आहे. पण आपल्यास कंटाळा संथपणाचा आला, की निकाल न मिळाल्याचा, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासावे.

या साऱ्याचा परिणाम मैफलीवर होतो, म्हणूनच हा विषय गंभीर. अलीकडे इंदुरात एका तरुण गायकाच्या मैफलीस आम्ही आठ-दहा जण येथून गेलो होतो. गायकाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्याने मारवा मांडला होता. षड्जाला दूर ठेवून रिषभ-धैवताभोवती तो फिरत होता, आणि त्या अस्वस्थतेतच त्या रागाचे सौंदर्य आहे. विलंबित वीसेक मिनिटे झाले असेल नसेल, तोच चित्रपटातील पदाची चिठ्ठी पुढे गेली. पाठोपाठ दुसरी गेली. गायकाने द्रुत आटोपते घेतले आणि पद गायले. सभागृह उभे राहिले. परतताना गाडीत एकमुखाने ‘रंगली’ असा कौल पडला. फक्त महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “तो सुरुवातीला ‘सा’वर यायचे टाळत होता का? आणि मग मध्येच का सोडले?” ती मुलगी गाणे शिकलेली नाही. चित्रपट पाहून तिला गाण्याची गोडी लागली, असे तीच सांगते.

हा प्रसंग दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि दोन्ही बाजू मान्य केल्या पाहिजेत. चिठ्ठी पाठवणाराही चित्रपटातूनच आला होता आणि प्रश्न विचारणारीही. तेव्हा चित्रपटांनी कान बिघडवले, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या पिढीस आकाशवाणीने जे दिले, ते आजच्या मुलांना पडद्याने दिले असेल, तर त्यास नाके मुरडण्याचे कारण नाही. फर्माईशही नवी नाही. जुन्या मैफलींतही भैरवीपूर्वी नाट्यपदाचा आग्रह होत असे, आणि मोठमोठे गवई तो हौसेने पुरवीत. भेद एवढाच की, तेव्हा पद हे ख्यालानंतरचे होते, आता ते ख्यालाऐवजीचे होऊ लागले आहे. गायकाने मारवा आखडता घेतला, यात त्याचा दोष आम्ही मानत नाही. समोरच्यांना काय ऐकायचे आहे, हे ओळखणे त्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे. आपण मागितले, ते त्याने दिले.

म्हणून रसिकमताचा विचार आपण थोडा काटेकोरपणे करावा, अशी आमची सूचना आहे. ‘रंगली’, ‘तस्सेच’, ‘भारी’, ‘कंटाळवाणे’ हे निकाल होत. त्यांवर बोलणे पुढे सरकत नाही, कारण निकालानंतर न्यायालय उठते. त्याऐवजी काय ऐकले ते सांगावे. गायक कोणत्या स्वरावर थांबत होता, तबलजीने लय कोठे वाढवली, पदाचा शब्द तानेखाली कोठे चिरडला, पडद्यावर गाणे चालू असताना कॅमेरा गायकाच्या तोंडाकडे होता की श्रोत्यांच्या. अशा बोलण्यासाठी रागशास्त्र येण्याची गरज नाही. त्या मुलीस ‘सा’ टाळलेला कळला, तो कोणत्याही परीक्षेच्या बळावर कळला नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, म्हणून कळला. न्यायाधीशापेक्षा साक्षीदार होणे कदाचित कमी मानाचे असेल, पण मैफलीस खरी गरज त्याचीच असते.

नर्मदेच्या अलीकडे, होळकर-पवारांच्या मागोमाग येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांनी भाषा जपली, सण जपले, काही पदार्थही जपले. त्यांची शुद्धता किती राहिली, याविषयी महाराष्ट्रातील आप्त आपल्यास अधूनमधून चिमटे काढतात, ते आपण हसून सोडून देतो. कानाविषयी मात्र आपल्यास संकोच बाळगण्याचे कारण नव्हते. रजबअली, अमीर खाँ आणि कुमारजी यांचे गाणे ज्या मुलखात घडले, तेथील श्रोते आपण. हे भांडवल वारशाने मिळत असले तरी ठेवीसारखे आपोआप वाढत नाही. पुढच्या मैफलीत कोणी संथ ख्याल मांडला, तर चिठ्ठी खिशातच ठेवावी आणि तो समेवर किती वेळा, किती तऱ्हांनी येतो, ते पाहावे. परतीच्या प्रवासात बोलण्यास तेवढे पुष्कळ आहे. आणि गाडीतील सर्वांत लहान प्रवाशाने काही विचारले, तर आपले मत देण्यापूर्वी त्याचा प्रश्न पुरता ऐकून घ्यावा.